पशुवैद्याची निवड आणि उपचारांचा खर्च: आधी काय ठरवून ठेवावे?

सावली

नमस्कार. लवकरच आमच्या घरी साधारण दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू येणार आहे. घरात आधीपासून अकरा वर्षांची एक मांजर आहे. तिला लहानपणापासून पाहणारे डॉक्टर आता निवृत्त झाले आहेत, त्यामुळे दोघांसाठीही नव्याने पशुवैद्य शोधावा लागणार आहे. स्वस्त डॉक्टर कोण, हा माझा प्रश्न नाही. दवाखान्यात पहिल्यांदा गेल्यावर नेमके काय पाहावे, उपचार सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज कसा घ्यावा, पैशांचा विषय संकोच न बाळगता कसा काढावा आणि प्राण्यांच्या विम्याचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

हिशेबी

सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो. प्राणी आजारी पडल्यावर डॉक्टर शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आपले बहुतेक सगळे जण नेमके तेच करतात आणि मग रात्री अकरा वाजता जो दवाखाना उघडा सापडेल तिथे, जे सांगितले जाईल त्याला मान डोलावतात. तुम्ही आधीच विचारत आहात, म्हणजे निम्मे काम झाले आहे.

पिल्लू येण्यापूर्वी दोन-तीन दवाखान्यांना नुसती भेट द्या. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी प्रमाणपत्र बहुधा भिंतीवर असते, ते वाचायला लाजू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार गोष्टी स्वागतकक्षात थेट विचाराव्यात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी प्राणी अत्यवस्थ झाला तर हेच डॉक्टर पाहतात की दुसरीकडे पाठवतात, आणि पाठवत असतील तर कुठे? दाखल केलेल्या प्राण्याजवळ रात्रभर माणूस असतो का? रक्ततपासणी तिथेच होते की नमुना बाहेर जातो, आणि अहवाल किती वेळात मिळतो? सगळ्या नोंदींची प्रत आपल्याला मिळते का? यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा 'नाही' असे येते. त्यात लपवण्यासारखे काही नाही, लहान दवाखान्यांना रात्रपाळी परवडत नाही. मात्र ते उत्तर सरळ मिळते की गोलमोल, यावरून बरेच कळते.

तुमच्या यादीत अंतरही असू द्या. श्वास अडकलेल्या प्राण्यासाठी दूरच्या नामांकित तज्ज्ञापेक्षा जवळचा साधा पण सक्षम डॉक्टर अधिक उपयोगी पडतो.

मांजरवेडी

सावली यांच्या घरी वयस्कर मांजर आहे, म्हणून एवढेच जोडते की कुत्र्यांसाठी उत्तम असलेला दवाखाना मांजरांसाठी उत्तम असेलच असे नाही. प्रतीक्षाकक्षात मांजरांना वेगळा कोपरा आहे का, किंवा निदान पिंजरा जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवायची सोय आहे का, हे पाहावे. तपासताना डॉक्टर मांजरीला मानेच्या कातडीला धरून दाबून ठेवतात, की पिंजऱ्याचे झाकण काढून तिला आत बसू देऊनच तपासतात, हे पाहिले तर अर्ध्या मिनिटात निर्णय होतो. घाबरलेल्या मांजरीच्या हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि रक्तातील साखर हे सगळेच वाढलेले दिसते. त्यामुळे तिला शांत ठेवणे हा निव्वळ दयेचा प्रश्न नसून चुकीच्या आकड्यांवरून होणाऱ्या पुढच्या तपासण्या टाळण्याचाही प्रश्न आहे.

गोठ्यातले दिवस

मी आयुष्यभर पशुवैद्यक म्हणून काम केले, आधी गुराढोरांत आणि नंतर कुत्र्या-मांजरांत. आता व्यवसाय करत नाही, त्यामुळे कोणाचीही बाजू न घेता लिहू शकतो.

प्राण्यांचे बिल मोठे का वाटते, हे प्रथम समजून घ्यावे. दवाखान्यातील भूल देण्याचे यंत्र, क्ष-किरण यंत्र, रक्ततपासणीची द्रावणे, टाके घालण्याचे धागे हे सगळे माणसांच्या रुग्णालयात असते त्याच प्रकारचे असते. माणसांच्या उपचारांचा मोठा भाग बहुधा सरकार, विमा कंपनी किंवा नोकरीची संस्था उचलते, त्यामुळे खरा आकडा रुग्णाच्या डोळ्यांसमोर येत नाही. प्राण्यांच्या बाबतीत तो संपूर्ण आकडा एकाच माणसाच्या हाती कागदावर येतो. डॉक्टर लुबाडत आहेत, असे वाटण्याचे मूळ बऱ्याचदा इथे असते; काही डॉक्टर खरोखर लुबाडतात, हेही मी नाकारत नाही.

आता पैशांच्या विषयाबद्दल. माझ्यासमोर बसलेल्या माणसाची ऐपत काय आहे हे मला दिसत नसे आणि विचारणे मला अवघड जाई. त्याला सांगणे अवघड जाई. या दुहेरी संकोचातून सर्वांत वाईट निर्णय होतात. डॉक्टर सगळ्या तपासण्यांची पूर्ण यादी मांडतात, मालक 'बघतो' म्हणून निघून जातो, आणि प्राणी काहीच उपचार न मिळता घरी पडून राहतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट म्हणावे, 'माझ्याकडे आज एवढी रक्कम आहे, या मर्यादेत सर्वांत उपयोगी काय करता येईल?' चांगला डॉक्टर या वाक्याने दुखावत नाही. उलट त्याला काम करायला जागा मिळते.

एक उदाहरण देतो. तरुण कुत्र्याला सकाळपासून तीन-चार उलट्या झाल्या आहेत, पण तो उभा आहे, हिरड्या गुलाबी आहेत, पोट दाबल्यावर कळवळत नाही. इथे रक्त, क्ष-किरण, सोनोग्राफी असे सगळे एकाच दिवशी करण्याऐवजी उलटी थांबवण्याचे इंजेक्शन, कातडीखाली सलाइन, हलका आहार आणि चोवीस तासांनी पुन्हा तपासणी, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतो. मात्र तोच कुत्रा लसीकरण न झालेले पिल्लू असेल, किंवा मोजा, चेंडू, मक्याचे कणीस असले काही गिळायची त्याची सवय असेल, तर थांबणे महागात पडते. पहिल्या बाबतीत पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, तपासणी लगेच हवी आणि दुसऱ्या बाबतीत क्ष-किरण लगेच हवा. कारण अडकलेली वस्तू आतड्याला भोक पाडण्याआधी काढणे आणि भोक पडल्यावर काढणे, या दोन शस्त्रक्रियांच्या खर्चात आणि यशाच्या शक्यतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

प्रत्येक तपासणीपूर्वी एकच प्रश्न विचारा: 'या अहवालाने उपचारांत काय बदलेल?' उत्तर 'काही नाही, फक्त नक्की कळेल' असे असेल, तर ती तपासणी आज करायची की नाही हा तुमचा अधिकार आहे. उत्तर 'मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर हे औषध देताच येणार नाही' असे असेल, तर तिथे काटकसर करू नका.

अंदाजपत्रक लेखी मागावे आणि त्यात किमान आणि कमाल असे दोन आकडे असावेत. दाखल प्राण्याच्या बाबतीत कमाल आकडा ओलांडण्यापूर्वी आपल्याला फोन यावा, हे आधीच ठरवून घ्यावे. नसबंदीसारख्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचे दर दोन दवाखान्यांत खूप वेगळे दिसले, तर त्यात काय धरले आहे ते विचारावे. भुलीपूर्वीची रक्ततपासणी, शिरेतील सुई, श्वासनलिकेतील नळी, भुलीत असताना नाडी आणि प्राणवायू मोजणारे यंत्र आणि त्यावर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस, शस्त्रक्रियेनंतरची वेदनाशामके, टाके काढण्याची भेट. स्वस्त दरात यांपैकी काय वगळले आहे हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. वेदनाशामक वगळलेले अंदाजपत्रक मी तरी स्वीकारणार नाही.

रोखठोक

डॉक्टरसाहेबांचा मान राखून विचारतो. आमच्या कुत्र्याला दरवर्षी सगळ्या लशींचा संच टोचून घ्यायला बोलावतात. हे गरजेचे आहे, की दवाखान्याचे ठरलेले उत्पन्न?

गोठ्यातले दिवस

प्रश्न रास्त आहे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यकीय संघटनेने 2024 मध्ये लसीकरणाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती कोणालाही वाचता येतात. पिल्लाला डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनोव्हायरस या विषाणूजन्य रोगांविरुद्धची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे किंवा त्याहून थोडे जास्त होईपर्यंत द्यावी, असे त्यांत आहे. एवढ्या वेळा देण्याचे कारण असे की आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये लशीला निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणून सोळा आठवड्यांनंतरचा डोस वगळू नये. पैसे वाचवण्यासाठी लोक नेमका तोच वगळतात. त्यानंतर साधारण सहा महिन्यांच्या वयात एक डोस, आणि पुढे या तीन रोगांची जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंची लस तीन वर्षांपेक्षा लवकर पुन्हा देण्याची गरज नाही.

लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची लस मात्र वर्षभरच टिकते, आणि तो आजार जिथे आहे तिथे ती दरवर्षी द्यावी लागते. रेबीजच्या बाबतीत स्थानिक कायदा आणि त्या लशीच्या वेष्टनावरील मुदत पाळावी, तिथे हिशेब करत बसू नये. म्हणजे 'दरवर्षी सगळे' हे उत्तर बरोबर नाही आणि 'दरवर्षी काहीच नको' हेही बरोबर नाही. डॉक्टरांना विचारा, 'या वर्षी यांपैकी कोणती लस आणि का?' वार्षिक तपासणीसाठी मात्र जरूर जा. त्या भेटीचे मोल सुईत नसून हृदय, दात आणि वजन पाहण्यात असते.

रोखठोक

समाधानकारक उत्तर मिळाले. पुढच्या भेटीत हाच प्रश्न विचारीन.

हिशेबी

सावली यांनी विम्याबद्दल विचारले आहे. मी पॉलिसीची कागदपत्रे शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या दुर्मीळ जमातीतला आहे, म्हणून थोडे लिहितो. विमा घेताना हप्ता किती हे सगळेच पाहतात. त्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. प्रतीक्षाकाल किती, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून किती दिवसांनी आजारपणाचे संरक्षण सुरू होते. प्रत्येक दाव्यात आपण आधी किती भरायचे आणि उरलेल्यातील किती टक्के आपल्याकडे राहतात. वर्षाची कमाल मर्यादा किती. आणि दरवर्षी नूतनीकरण करताना मागच्या वर्षी झालेला आजार 'आधीपासूनचा आजार' म्हणून वगळला जातो का. ही शेवटची अट असेल, तर मधुमेह किंवा त्वचेच्या ॲलर्जीसारख्या आयुष्यभराच्या आजारात विमा पहिल्या वर्षानंतर जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

काही कंपन्यांची आणखी एक अट बारीक अक्षरांत असते. एका गुडघ्याचा अस्थिबंध फाटला असेल, तर दुसरा गुडघाही आधीपासूनचा आजार मानला जातो. एका बाजूचा अस्थिबंध फाटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसऱ्या बाजूचाही पुढे फाटतो, त्यामुळे ही अट वरवर वाटते तितकी किरकोळ नाही.

माझे मत असे की तुमच्या पिल्लासाठी विमा घेण्यासारखा आहे, कारण त्याच्या नावावर अजून एकही आजार नाही. अकरा वर्षांच्या मांजरीसाठी हप्ता जास्त आणि वगळलेल्या गोष्टीही जास्त असतील. तिच्यासाठी तीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्या प्रदेशात प्राण्यांचा विमा मिळतच नाही तिथे हा एकच मार्ग उरतो.

मांजरवेडी

हिशेबी यांच्याशी मी इथे पूर्ण सहमत नाही. वेगळे खाते ही कल्पना कागदावर उत्तम आहे, पण त्यात पुरेशी रक्कम साठायला दोन-तीन वर्षे लागतात आणि अपघात पहिल्याच महिन्यात होऊ शकतो. बोक्याच्या मूत्रमार्गात अडथळा येतो तेव्हा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. तिथे खाते भरायची वाट पाहता येत नाही. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसून जोर करतो आणि लघवीचा थेंबही येत नाही, हे दिसल्यास अनेक जण बद्धकोष्ठ समजून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. ती रात्र वाया घालवू नका.

हिशेबी

मुद्दा मान्य आहे. खात्यात सुरुवातीलाच एकरकमी काहीतरी ठेवावे, आणि दवाखाना हप्त्यांची सोय देतो का हेही आधीच विचारून ठेवावे. प्राणिकल्याण संस्थांचे दवाखाने आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये पुष्कळदा कमी दरात उपचार करतात; महाविद्यालयात वेळ जास्त जातो, पण वरिष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होत असल्याने गुंतागुंतीच्या आजारांत मी तिथेच जाणे पसंत करीन.

बाकी, रस्त्यावरून उचलून आणलेल्या प्राण्यावर एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, असे ऐकवणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना खर्चाचा तपशील सांगत बसू नये, एवढेच मी शिकलो.

घरचा वैद्य

सगळे दवाखान्याबद्दल लिहीत आहेत, तर मी घराबद्दल लिहितो. मोठी बिले कशामुळे येतात ते पाहिले तर त्यांतली बरीच टाळता येण्यासारखी असतात. नसबंदी न केलेल्या मादी कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. जास्त पाणी पिणे, सुस्ती, उलट्या एवढीच लक्षणे कधी कधी दिसतात आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. निरोगी असताना ठरवून केलेल्या नसबंदीपेक्षा ती कितीतरी महाग आणि धोक्याची असते.

वजनाबद्दल तर ठोस पुरावा आहे. 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेतातील जोड्या करून त्यांतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी आहार दिला गेला. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे, आणि सांधेदुखीवर उपचारही त्यांना उशिरा सुरू करावे लागले. मोजून खायला घालण्याला काहीच खर्च नाही, उलट बचतच आहे. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे.

दुसरी बचत म्हणजे औषधांच्या कपाटाला हात न लावणे. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्क्रिय करण्याची यंत्रणा तिच्या यकृतात फार दुबळी असते. आयबुप्रोफेनने कुत्र्यांना जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजरीला लावल्यास तिला झटके येतात. सावली यांच्या घरी दोन्ही प्राणी असणार आहेत, म्हणून कुत्र्याला असे औषध लावण्यापूर्वी घटक वाचावेत. डॉक्टरांनीच मांजरीला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी दिली, तरी ती नुसती कोरडी गिळवू नये, मागून थोडे पाणी पाजावे. गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे व्रण होऊन नळी आकसते.

दातांना रोज ब्रश करावा. भूल न देता केलेली दातांची सफाई स्वस्त वाटते, पण आजार हिरडीच्या खाली असतो आणि तिथपर्यंत ती पोहोचतच नाही.

सावली

सर्वांचे मनापासून आभार. दोन दवाखान्यांना भेट देऊन आले. एका ठिकाणी रात्रीच्या देखरेखीबद्दल विचारताच 'तुम्ही काळजी करू नका' एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले की रात्री आठनंतर इथे कोणी नसते, म्हणून गंभीर प्राण्याला आम्ही मोठ्या रुग्णालयात पाठवतो. त्यांनी त्या रुग्णालयाचा क्रमांकही लिहून दिला. दुसरा दवाखाना निवडला आहे.

आता मांजरीबद्दल. ती अलीकडे पाणी जास्त पिते आणि वजन थोडे उतरले आहे. डॉक्टरांनी रक्त, लघवी, रक्तदाब आणि सोनोग्राफी असे सगळे सुचवले आहे. सगळे एकदम करणे शक्य नसेल, तर सुरुवात कुठून करावी? आणि मूत्रपिंडांचाच आजार निघाला, तर किती खर्चापर्यंत जावे, हेही ठरवता येत नाही.

गोठ्यातले दिवस

या वयात तहान वाढणे आणि वजन उतरणे म्हटले की मूत्रपिंडे, थायरॉइड आणि मधुमेह हे तीन मुख्य संशयित. त्यामुळे पहिल्या फेरीत रक्त आणि लघवी एकत्र करावी, एकट्या रक्तावर थांबू नये. रक्तातील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, साधारण तीन चतुर्थांश मूत्रपिंड निकामी झाल्यावरच वाढलेले दिसते. लघवी घट्ट करण्याची क्षमता त्याच्या आधी ढासळते, आणि ती मोजायला एक थेंब आणि एक छोटे उपकरण पुरते. एवढ्या स्वस्त तपासणीतून एवढे सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही. त्याच रक्तात थायरॉइड आणि साखरही पाहून होईल. मूत्रपिंडांचा आजार किंवा थायरॉइड निघाल्यास रक्तदाब अवश्य मोजावा, कारण तो वाढून मांजरीची दृष्टी अचानक जाऊ शकते. सोनोग्राफी पहिल्या अहवालांनंतर ठरवली तरी चालेल.

खर्चाच्या मर्यादेबद्दल बोलायचे तर मूत्रपिंडांचा हा आजार बरा होत नाही, पण कमी फॉस्फरसच्या आहारावर अनेक मांजरी काही वर्षे समाधानाने जगतात. तो खर्च मुख्यतः आहाराचा आणि दर काही महिन्यांनी होणाऱ्या तपासणीचा असतो. ती खाते का, अंग चाटून स्वच्छ ठेवते का, नेहमीच्या जागी चढून बसते का, याची साधी नोंद ठेवा. पुढे कधी यांतले बहुतेक थांबले आणि वारंवार दाखल करावे लागू लागले, तर शांत मृत्यू देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात अपराध वाटू देऊ नका. पैसे संपेपर्यंत उपचार केले म्हणजेच प्रेम केले, असे मी माझ्या कोणत्याही रुग्णाच्या मालकाला कधी सांगितले नाही.

लघवीचा नमुना डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतील तर उत्तम. घरून न्यायचा असेल, तर ट्रेमधील नेहमीची माती काढून त्या वेळेपुरते न शोषणारे प्लास्टिकचे दाणे घाला, आणि दवाखान्यात पोहोचायला काही तास लागणार असतील, तर बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी रोज मोजून ठेवा आणि संपलेले किती ते लिहून घेऊन जा; फक्त पिल्लू आल्यावर दोघांची भांडी वेगळी करा, नाहीतर आकडा कोणाचा हेच कळणार नाही.